मास्तर ऐकतायत

"पंखा बंद करा," मास्तर म्हणाले.

कुणी उठलं नाही. वाद्यांच्या पट्ट्या बसवणाऱ्या पट्टीवालीने हातातला पाना खाली ठेवला, भिंतीवरच्या बटणाकडे पाहिलं, मग इंजिनियरबाईंकडे पाहिलं आणि पाना पुन्हा उचलला. छताचा पंखा आपला घरघरत राहिला.

"पंख्याची काही अडचण नाही, काका," इंजिनियरबाई म्हणाल्या. त्यांच्यापुढे नवं वाद्य उघडं पडलं होतं आणि त्याला जोडलेल्या मीटरच्या पडद्यावर एक हिरवी रेघ सरळ पडून होती. "मीटरला पंखा ऐकूच येत नाही. झालंसुद्धा मोजून. शांत आहे."

मालक मीटरवर वाकले होते. ते मान हलवत म्हणाले, "वा!" आणि मास्तर आपल्या स्टुलाजवळ, कानाशी नेलेला हात तसाच धरून, उभे राहिले.

सव्वीस वर्षांत हे पहिल्यांदा झालं होतं. एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत, अकरा माणसं सिंथेसायझर बनवत. दिसायला पट्ट्यांचं वाद्य. पण आवाज निघायचा तो तारेतून किंवा भात्यातून नव्हे, विजेतून. प्रत्येक वाद्य तयार झालं की शेवटी मास्तरांपुढे यायचं. पंखा बंद व्हायचा. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणायचं, "मास्तर ऐकतायत," आणि पाने, कानशी, गप्पा, सगळं जागच्या जागी थांबायचं. मास्तर आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवायचे आणि एकही पट्टी न दाबता स्पीकरला कान लावायचे. चांगलं वाद्य गप्प असताना गप्पच असलं पाहिजे. गुणगुण नको, खरखर नको. अर्धा मिनिट सगळी खोली श्वास रोखून असायची. मग मास्तर कानामागची पेन्सिल काढून झाकणाच्या आतल्या लाकडावर एक बरोबरची खूण करायचे आणि पंखा पुन्हा सुरू व्हायचा.

त्या अर्ध्या मिनिटात मालकसुद्धा खोकला दाबून धरत. मास्तरांच्या आयुष्यात मोठेपण म्हणावं असं एवढंच होतं, पण ते रोज होतं.

बाकी त्यांचं काम वायरिंगचं. विजेचा साधा हिशोब आहे: जी गेली ती परत आली पाहिजे. त्या परतीच्या वाटेला ग्राउंड म्हणतात आणि वाद्य गुणगुणतं ते बहुतेक वेळा तिथल्या गोंधळामुळे. मास्तरांची रीत पक्की होती. प्रत्येक भागाची परतीची वायर वेगळी आणि सगळ्या येऊन मिळणार त्या एकाच पितळी बोल्टाला, वीज आत येते तिथे. कुणाची घाण कुणाच्या अंगावर नको. तो बोल्ट ते स्वतः बसवत, घासूनपुसून, पिळाच्या वॉशरसकट. त्यावरून कारखान्यात त्यांचं नाव पडलं होतं बोल्टमास्तर. पहिल्यांदा चिडवायला पडलं, मग मानाचं झालं, आणि आताशा त्यातला बोल्ट गळून नुसतं मास्तर उरलं होतं.

आणि मग इंजिनियरबाई आल्या. तिशीच्या, चष्म्याच्या, पाठीवर सॅक. तीन महिन्यांच्या बोलीवर आलेल्या. नव्या वाद्यात आवाज जुन्याच पद्धतीचा राहणार होता, पण सोबत एक डिजिटल मेंदू येणार होता: आवाज लक्षात ठेवणारा, छोट्या पडद्यावर नावं दाखवणारा. तो बाईंनी बनवला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मास्तरांना 'काका' म्हटलं. पट्टीवाली तोंड फिरवून हसली.

"डिजिटलवाला धक्के मारत वीज ओढतो ना, बाई?" मास्तरांनी तेव्हा विचारलं होतं. परीक्षा घ्यायचा सूर होता.

"हो, सेकंदाला लाखो वेळा."

"मग त्याची परतीची वाट वेगळी काढली असेल. बोल्टापर्यंत."

"नाही, काका. सर्किटच्या बोर्डाखाली तांब्याचा एकच अखंड पत्रा आहे."

"म्हणजे आवाजाची आणि त्याची वाट एकच?"

"पत्रा एक, वाट एक नाही. असा घाईतला करंट बोर्डावरच्या ज्या रेघेतून आला त्या रेघेखालूनच परत जातो, उगाच भटकत नाही. डिजिटल सगळं उजवीकडे ठेवलंय, वीज उजव्या कोपऱ्यातून येते आणि तिथूनच परत जाते. आवाजाचं सगळं डावीकडे. मधे पत्रा चिरून भिंत घातली तर उलट वळसा मारेल आणि वाटेत ओरडेल."

"आणि बोल्ट?"

"बोल्ट नकोय आता."

किती सहज म्हणाल्या! आडवी आलेली खुर्ची बाजूला सारावी तसं.

त्या दिवसापासून मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं ते थांबेना. बाईंना खिडकीजवळचं टेबल मिळालं; तिथला उजेड मास्तरांनी सव्वीस वर्षं लांबून पाहिला होता. बाईंचा चहा मालकांच्या ट्रेमधून यायचा. "आमच्या बाई म्हणतात," अशी मालकांच्या बोलण्याची सुरुवात व्हायला लागली. मास्तर दुपारी सगळे जेवायला गेले की बाईंचा बोर्ड हळूच उचलून भिंगाखाली धरायचे. डाग कच्चा असेल, टोक उगवलं असेल, कथिल जास्त झालं असेल, काहीतरी असेलच. नसायचं. डाग लहान, चकचकीत, एकसारखे. मेली डागसुद्धा चांगले देते, असं मनात म्हणत ते बोर्ड होता तसा ठेवत, आणि जेवणाचा डबा अर्धा तसाच घरी जायचा.

घरी बायको विचारायची, "काय झालंय काय तुम्हाला? मशीन कधीचं ओरडतंय, कपडे झाले म्हणून. शेजारीच तर बसलाय!"

"दिवसभर ऐकायचंच काम करतो मी," मास्तर म्हणायचे. "घरी आल्यावर कानाला सुट्टी."

आणि आज पंखा बंद झाला नव्हता.

मास्तरांनी तरीही वाकून स्पीकरला कान लावला. पंखा डोक्यावर घरघरत होता, खाली छापखाना धडधडत होता. ते सरळ झाले आणि म्हणाले, "किंचित गुणगुण आहे."

नव्हती. आपण खोटं बोलतोय हे त्यांना वाक्य संपायच्या आत कळलं होतं.

बाईंनी मीटरचं बटण फिरवलं, रेघ मोठी करून पाहिली, पुन्हा कानही लावला. "मला नाही येत ऐकू. इथेही काही दिसत नाही." त्यात आगाऊपणा काही नव्हता; मास्तरांना वाटलं, असता तर बरं झालं असतं.

"राहू दे हो, मास्तर," मालक म्हणाले. "पंख्याची असेल."

आठवड्याने मालकांनी फोटोवाला बोलावला. नव्या वाद्याचं पत्रक छापायचं होतं. वाद्य खिडकीत ठेवलं, त्यामागे बाईंना उभं केलं. बाई लाजत होत्या, "मला नको, मास्तरांना घ्या," असंही एकदा म्हणाल्या. फोटोवाल्याने डोळा बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, "ते स्टूल तेवढं काढा ना मधून." स्टूल मास्तरांचं होतं. मास्तर त्याच्यावर बसलेले होते. ते उठले, स्टूल उचललं आणि दाराशी नेऊन ठेवलं.

नंतर त्यांनी जे केलं त्याचा त्यांनी फार विचार केला असं नाही. हात चालले. बाई बोर्ड टेबलावर मोजून देत, पुढे खोक्यात बसवून झाकण बंद करायचं काम मास्तरांचं. त्यात कुणी डोकावत नसे. मास्तरांनी प्रत्येक खोक्यात, वीज येते त्या उजव्या कोपऱ्यात, जुना पितळी बोल्ट बसवला आणि डावीकडे आवाज बाहेर पडतो त्या जॅकपासून बोल्टापर्यंत एक जाड हिरवी वायर टाकली. काटकोनात वळवलेली, बोल्टाला दोन वेढे देऊन आवळलेली. त्यांच्या हातची वायर दुसऱ्या कुणाची वाटणं शक्यच नव्हतं.

मनात बेत तयार होता. वाद्यं जातील, लोक वाखाणतील, बाईंचं नाव होईल. मग कधीतरी, चार माणसांत, सहज झाकण उघडायचं आणि म्हणायचं, "ही बघा. हिच्यावर चाललंय सगळं." त्या वेळचा बाईंचा चेहरा त्यांनी इतक्या वेळा मनात रंगवला होता की चष्मा काढून पुसण्यापर्यंत बारकावे ठरले होते.

वाद्यं मात्र त्यांनी नीट ऐकली. त्यात कसूर नव्हती. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे, पंखा बंदच असायचा, छापखाना सुरू व्हायचा असायचा. बटण शेवटपर्यंत फिरवायचं, कान लावायचा. शांत. एकदम शांत. खूण. अशी नऊ वाद्यं त्या वायरीसकट बाहेर पडली.

तीन आठवड्यांनी एक वाद्य परत आलं.

ते घेऊन आला तो एका नाटक कंपनीत साथ करणारा वादक होता, तापलेला. वाद्य टेबलावर आपटायचंच बाकी ठेवून तो म्हणाला, "शिट्टी मारतंय हे. मी वाजवत नसलो की मारतं. शोकाचा प्रवेश, सगळं थिएटर चिडीचूप, आणि ह्याचं सुरू. डास शिरल्यासारखं!"

मालकांनी बाईंना बोलावलं, मास्तरांनाही बोलावलं. वायर जोडली, बटण फिरवलं. आणि मालक स्वतःच्या तोंडाने म्हणाले, "पंखा बंद करा रे. मास्तर ऐकतायत."

पंखा थांबला. मास्तरांना काय वाटलं असेल! महिनाभराने खोली पुन्हा त्यांची झाली होती. ते सावकाश पुढे झाले, सावकाश वाकले, डोळे मिटले. ऐकत राहिले. जितका वेळ लागतो त्याहून थोडा जास्तच.

"काही नाही," ते म्हणाले. "साफ शांत आहे. साहेबांच्या तिथल्या स्पीकरमध्ये असेल काही."

मास्तरांनी डोळे उघडले. वादक तोंड उघडं ठेवून त्यांच्याकडे बघत होता. पट्टीवालीने एक बोट कानात घातलं होतं. मालकांच्या कपाळाला आठ्या होत्या, पण त्या रागाच्या नव्हत्या. दाताखाली खडा आल्यावर पडतात तशा होत्या.

"मास्तर," मालक म्हणाले, "चेष्टा करताय का? केवढी शिट्टी आहे ती!"

मास्तरांनी पुन्हा कान लावला. स्पीकरची जाळी कानाला गार लागली. त्यांना आपल्या रक्ताची धडधड ऐकू आली, कॉलर घासल्याचा आवाज आला. शिट्टी नव्हती. क्षणभर त्यांना वाटलं, हे सगळे ठरवून आलेत. बाईंनी सगळ्यांना फितवलंय, त्या अनोळखी वादकालासुद्धा. पण पट्टीवाली कधी कुणाच्या ठरवण्याने कानात बोट घालणारी नव्हती. बाईंनी आवाजाचं बटण मागे फिरवलं आणि सगळ्यांचे खांदे एकदम खाली आले. मास्तरांनी ते पाहिलं. त्यांच्यासाठी काहीच बदललं नव्हतं.

बाईंनी झाकणाचे स्क्रू काढले. झाकण उचललं तशी आतल्या बाजूची पेन्सिलीची खूण आधी दिसली आणि मग ती हिरवी वायर. बाई थांबल्या. बोटाने त्यांनी तिचा काटकोन चाचपला, दोन वेढे चाचपले. मग त्यांनी मान वर करून मास्तरांकडे पाहिलं.

झालं, मास्तरांच्या मनात आलं. आता सांगणार.

बाईंनी सरकून खोक्याची ती बाजू पाठीआड केली. "एक वायर जास्त गेलीय," त्या म्हणाल्या. कात्रीचा आवाज झाला. बटण पुन्हा शेवटपर्यंत फिरवलं गेलं. वादकाने कान टवकारले आणि त्याचा चेहरा निवळला. "गेली," तो म्हणाला.

"कुणी टाकली?" मालकांनी विचारलं.

"कागदावर नीट लिहिलं नव्हतं मी. शिवाय बंद झाल्यावर पुन्हा मोजायला हवं होतं, ते मी केलं नाही. माझी चूक आहे."

मालकांनी वादकाला गोड बोलून वाटेला लावलं आणि परत आले ते लाल होऊन. "नऊ वाद्यं गेलीत, बाई. नऊ! सगळी परत मागवायची? लोकांना काय सांगू, एक वायर जास्त गेली?" बाईंनी मीटर बंद केलं. "तीन महिन्यांची बोली होती आपली. महिनाअखेरीला बसून बोलू. आणि मास्तर, पुढच्या खोक्यांना बोल्टाची भोकं पाडून घ्या. जुनं ते निदान ओरडत तरी नव्हतं."

हेच तर हवं होतं. बोल्ट परत, बाई परत सॅक पाठीला लावून जिन्यावरून खाली. मास्तरांनी सव्वीस वर्षांत देवाकडे फार काही मागितलं नव्हतं. हे मागितलं होतं आणि हे ताटात वाढून समोर आलं होतं. त्यांनी "हो" म्हटलं आणि मान वर केली नाही.

दुपारी बाई त्यांच्या स्टुलापाशी आल्या. हातात ती हिरवी वायर होती, काटकोनासकट.

"उजवीकडचा करंट आला तसा कोपऱ्यातून परत जात होता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही त्याला डावीकडून दुसरी वाट काढून दिलीत. आवाजाच्या अंगावरून."

"कळलं मला."

"तुम्हाला वाटेल मी तुम्हाला वाचवलं. तसं काही नाही. मला भयंकर राग आलाय, काका. वायर टाकली ह्याचा नाही. जुनी सवय आहे, टाकली असेल. पण झाकणावर तुमची खूण आहे. ती शिट्टी तुम्हाला ऐकू आली होती ना? ऐकू येऊनसुद्धा खूण केलीत, मला तोंडावर पाडायला?"

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. दोनच उत्तरं होती. एका उत्तरात ते दुष्ट ठरत होते आणि दुसऱ्यात बहिरे.

"आली होती," ते म्हणाले. "आली होती ना. ऐकू कशी येणार नाही?"

बाईंचा चेहरा पडला. ह्या चेहऱ्याची त्यांनी महिनाभर वाट पाहिली होती, आणि चष्मा काढून पुसणंही तसंच झालं. वायर स्टुलाशेजारी ठेवून त्या खिडकीकडे निघून गेल्या.

घरी येऊन मास्तर खुर्चीत बसले. बायको भाजी चिरत होती, कपड्यांचं मशीन खुर्चीशेजारी घुसळत होतं. ती पंधरा वर्षं ह्याच खुर्चीवरून त्यांना उठवत आली होती. मशीन फिरायचं थांबलं. मास्तर त्याच्याकडे टक लावून बसले.

"अगं," ते म्हणाले, "इकडे ये जरा."

"काय?"

"हे आत्ता वाजतंय का?"

"वाजतंय की! एवढ्या जोरात. बंद करा ना, हाताशीच तर आहे."

मास्तरांनी मशीनवर हात ठेवला. पत्रा गरम होता. "थांबलं की सांग."

बायकोने सुरी खाली ठेवली. ती हात पुसत आली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून थबकली. ती शेजारी उभी राहिली आणि तिने त्यांच्या खांद्यावर एक बोट ठेवलं. मशीन वाजलं की ती बोट टेकवायची, थांबलं की उचलायची. टेकवलं. उचललं. टेकवलं. उचललं. मास्तर मशीनकडे बघत होते आणि त्यांना खांद्यावरच्या बोटाखेरीज काही कळत नव्हतं.

"कधीपासून हो?" तिने विचारलं.

"काय माहीत." मशीनवरचा हात काढत ते म्हणाले, "जे ऐकूच येत नाही ते कधीपासून येत नाही, हे कसं कळणार गं?"

"मला वाटायचं तुम्ही मुद्दाम उठत नाही."

"मलाही तसंच वाटायचं," मास्तर म्हणाले, आणि दोघंही थोडी हसली. मग ती त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसून राहिली आणि भाजी तशीच राहिली.

सकाळी मास्तर नेहमीसारखे सगळ्यांच्या आधी गेले नाहीत. सगळे आल्यावर गेले. मालक दाराशीच होते; बोल्टाच्या भोकांचं माप विचारायला लागले.

"भोकं पाडायची नाहीत," मास्तर म्हणाले. "ती वायर मी टाकली होती. नऊही खोक्यांत. बाईंच्या कागदावर नव्हती."

खोलीतले पाने थांबले. कुणी सांगितलं नव्हतं तरी थांबले.

"तुम्ही? आणि कशाला?"

"जळत होतो," मास्तर म्हणाले. शब्द बाहेर पडला आणि त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं, किती लहान होता तो. "खिडकीवरून, चहावरून, फोटोवरून. सगळ्यावरून. आजही थोडा जळतोच आहे."

बाई खिडकीतून उठून पुढे आल्या होत्या. मास्तर त्यांच्याकडे वळले. हे पुढचं जास्त जड होतं. आधीचं त्यांनी जिन्यावर चार वेळा म्हणून पाहिलं होतं. हे एकदाही जमलं नव्हतं.

"काल मी तुम्हाला खोटं सांगितलं, बाई. शिट्टी मला ऐकू आली नव्हती. आतासुद्धा येत नाही. बारीक आवाज मला येतच नाहीत. आली असती तर..." ते थांबले. "मी जळका आहे. पण शिट्टी मारणाऱ्या वाद्यावर मी खूण केली नसती."

पट्टीवाली उगाचच पट्ट्यांचा डबा आवरायला लागली. मालक पुढे झाले, मास्तरांच्या दंडाला हात लावून म्हणाले, "मास्तर, आधी बसा तुम्ही." आणि मग, कुणाकडेच न बघता, "त्या नऊ वाद्यांचं तुम्ही दोघं बघा. परत आणा, उघडा, काय ते करा. महिनाअखेरीचं मी काही बोललो नव्हतो, बाई."

उरलेली आठ वाद्यं यायला पुढचा पंधरवडा गेला. ती एकेक करून टेबलावर आली. मास्तर झाकण उघडायचे, आपल्याच हातचे दोन वेढे सोडवायचे, वायर काढायचे, बोल्ट काढायचे. बोल्ट ते एका पत्र्याच्या डब्यात टाकत होते. बाई मीटर लावायच्या, हिरवी रेघ सरळ पडायची. बाई काम करताना फारसं बोलल्या नाहीत. राग एका दिवसात जाणारा नव्हता आणि तो जावा असं मास्तरांनीही सुचवलं नाही. फक्त चौथ्या दिवशी चहाचा ट्रे आला तेव्हा त्यांनी त्यातला एक कप उचलून मास्तरांच्या स्टुलाजवळ ठेवला. मास्तरांनी तो प्यायला, आणि मालकांच्या ट्रेमधला चहा काही निराळा लागत नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

शेवटचं वाद्य नवव्या नंबरचं. वायर निघाली, मीटरची रेघ सरळ पडली. बाई झाकण बंद करायला लागल्या.

"थांबा," मास्तर म्हणाले. "ऐकायचं राहिलंय."

"मीटरवर आहे ना, काका. साफ आहे."

"मीटर नाटकाला जात नाही." ते स्टुलावरून उठले. "तुम्ही ऐका."

"मी?"

मास्तरांनी स्टूल वाद्यापुढे सरकवलं आणि बाई बसेपर्यंत थांबले. बाई बसल्या. आवाजाचं बटण मास्तरांनी स्वतः शेवटपर्यंत फिरवलं. मग ते खोली ओलांडून भिंतीपाशी गेले. सव्वीस वर्षांत त्या बटणाला त्यांचा चारचौघांत कधी हात लागला नव्हता. ते नेहमी दुसऱ्या कुणीतरी दाबायचं. त्यांनी पंखा बंद केला.

"आवाज नको," ते म्हणाले. "बाई ऐकतायत."

पाने थांबले. मालक दारात होते, तिथेच थांबले. पंख्याची पाती हळू होत होत उभी राहिली. बाईंनी केस कानामागे सारले, वाकून जाळीला कान लावला आणि डोळे मिटले. ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा कसा दिसतो, हे मास्तरांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्या वेळी त्यांचे स्वतःचे डोळे मिटलेले असत. ते भिंतीपाशी उभे राहून बघत राहिले.

बाईंनी डोळे उघडले. "शांत आहे," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी कानामागची पेन्सिल काढून पुढे धरली. झाकणाच्या आतल्या लाकडावर त्यांची जुनी खूण होती. बाईंनी ती खोडली नाही. तिच्या शेजारी त्यांनी आपली खूण केली, जराशी लहान, आणि पेन्सिल परत द्यायला हात पुढे केला.

"राहू द्या तुमच्याकडे," मास्तर म्हणाले.

खोली अजून तशीच उभी होती. काम सुरू करायला कुणी हललं नाही. पट्टीवाली, मालक, सगळे मास्तरांकडे बघत होते. तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं की बटणाजवळ आपणच आहोत, आणि त्यांनी पंखा लावला.